वायसरवाली मनुबाई

"वायसर! चावीची वायसर! गळकी चावी हाय का कुणाची?"

लग्न होऊन मी सांगलीत आले त्याला आठवडा झाला असेल. १९९४ सालचा फेब्रुवारी. सकाळी दहाच्या सुमाराला कॉलनीत ही आरोळी आली आणि मी माहेरच्या ट्रंकेचं कुलूप हातात घेऊन फाटकाकडं धावले. प्रवासात त्याची किल्ली कुठंतरी पडली होती, म्हणून ते कडीसकट उचकटून काढलं होतं. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाईंनी कुलूप उलटंसुलटं करून बघितलं, कानाजवळ नेऊन हलवलं आणि मला विचारलं, "ह्येला वायसर कुठं लावू, वयनी?"

साताऱ्यात आमच्या घरी नळाला नळच म्हणत. इकडं त्याला चावी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. मागं व्हरांड्यात सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

ही माझी आणि मनुबाईंची पहिली भेट. चाळिशीच्या बाई, रापलेला चेहरा, कमरेला खोचलेला लोखंडी पाना. रबरी वायसरी त्यांनी तारेत ओवून हातांत बांगड्यांसारख्या घातलेल्या असत. अर्धा इंची डाव्या हातात, पाऊण इंची उजव्या. काम करताना बघावंसुद्धा लागायचं नाही, बोटांनीच बरोबर हवी ती काढायच्या.

मूळच्या त्या पलूसजवळच्या. नवरा आकाराम लष्करात, वर्षातून दोन महिने घरी. मनुबाई कुपवाडला खोली घेऊन राहायच्या आणि तिथल्याच एका छोट्या शेडमध्ये हाताच्या प्रेसवर रबराच्या वायसरी पाडायच्या. बारा वर्षं. मग मालकानं शेड बंद करायचं ठरवलं. निरोपाचा समारंभ केला, सगळ्या बायकांना शाल दिली, नारळ दिला आणि आठवण म्हणून एकेक पोतं वायसरी दिल्या.

"बाकीच्या बायांनी काय केलं?" मी विचारलं होतं.

"एकीनं म्हशीच्या दाव्यात ओवल्या. एकीनं पोरास्नी ख्येळायला दिल्या. मी म्हणलं, आपून इकायच्या."

पण लोक वायसर घेत आणि टेबलाच्या खणात ठेवून देत. ती बसवणार कोण? मग मनुबाईंनी बसवायला शिकायचं ठरवलं. पहिला नळ उघडला तो घरमालकाचा. आधी मुख्य पाणी बंद करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"अख्खी चाळ भिजली, वयनी. मालक खाटंवर चढून वरडत हुता. पर म्या बोट लावून धरलं न् दुसऱ्या हातानं वायसर बसवली. तवापास्नं ती चावी एक थेंब गळली न्हाई."

आता आमच्या भिंतीकडं येते.

माझे सासरे, तात्या, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. तीस वर्षं त्यांनी कालवे काढले, बंधारे बांधले. सांगलीत स्वतःचा बंगला बांधला, तेव्हा त्याला नाव दिलं 'जलतृप्ती'. हे नाव घरानं मनावर घेतलं होतं. आमच्या खोलीच्या भिंतीवर ओल होती. जमिनीपासून कमरेइतकी, आणि भर एप्रिलमध्ये. बाहेर मातीला भेगा पडलेल्या, आणि आमच्या पलंगामागच्या भिंतीवर हात ठेवला तर गार लागायचं. माझा नवरा अनीश म्हणायचा, "उन्हाळ्यात बरं आहे की." त्याच भिंतीतल्या कपाटात माझ्या पैठणीला बुरशी आली, तेव्हा त्यानं हा विचार मागं घेतला.

तात्यांनी ओलीचा अभ्यास हाती घेतला होता. रोज सकाळी साडेसात वाजता ते दारावर टकटक करून आत येत आणि ओलीच्या कडेनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख घालत. नवी सून म्हणून मी पदर सावरून कोपऱ्यात उभी. मे महिन्यापर्यंत भिंतीवर धरणाच्या नकाशासारख्या रेघांवर रेघा झाल्या.

"आज दीड इंच चढलीय," ते सांगत. सुरात काळजी कमी आणि समाधान जास्त असायचं.

पहिला सिद्धांत असा, की जमिनीतलं पाणी पायातून वर चढतंय. म्हणून त्यांनी त्या भिंतीच्या कडेनं तीन फूट खोल चर खणून घेतला. चरात पाणी निघालं नाही, पण दुसऱ्याच दिवशी माझे वडील, अप्पा, साताऱ्याहून पेढ्यांचा पुडा घेऊन मला भेटायला आले. बाग बघायला म्हणून बाजूला वळले आणि चरात उभेच्या उभे उतरले. ते हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. चरातूनच त्यांनी नमस्कार केला. "व्याहीबुवा, हे काय चाललंय?"

"भूजल," तात्या म्हणाले.

अप्पांनी वाकून खाली बघितलं. "इथं तर कोरडं ठणठणीत आहे."

तात्यांना ते लागलं. अप्पा गेल्यावर त्यांनी चर बुजवला आणि दुसरा सिद्धांत मांडला. शेजारच्या सयाजीरावांची पाण्याची टाकी पाझरतेय. सयाजीराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत माणूस. त्यांनी टाकी चार दिवस रिकामी ठेवून दाखवली. त्यांच्या घरचे सगळे चार दिवस आमच्या बाथरूममध्ये अंघोळीला आले. आमची ओल दोन इंच वाढली.

अशा वेळी मनुबाई बाहेरच्या नळाची वायसर बदलायला आल्या. हा नळ त्याच भिंतीला, बाहेरच्या बाजूनं. संध्याकाळी तात्या त्याला रबरी पाइप जोडून तासभर बागेला पाणी घालत. बाग त्यांची लाडकी होती.

मनुबाईंनी वायसर बदलली, नळ उघडून बंद केला आणि जायला उठल्या. मग परत खाली बसल्या आणि भिंतीत जिथं नळाचा लोखंडी पाइप शिरतो तिथं करंगळी घातली. करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली.

"तात्यासायेब, आतल्या अंगाला भित वली हाय काय हो?"

तात्या खुर्चीत पेपर वाचत होते. "आहे. का?"

"मग हितनंच जातंय की पानी. ह्या फटीतनं."

तात्यांनी पेपर खाली ठेवला. "बाई, ती फट एवढीशी आहे. आणि पाणी नळातून खाली पडतं. ते उलटं भिंतीत कसं जाईल?"

"पाइप बगा की. भितीकडं कलता हाय. थेंब चावीच्या बुडाला धरतोय, पाइपाच्या पोटानं मागं जातोय न् फटीत शिरतोय. तुमी तास-तास पानी मारताय रोज."

मी दारात होते. सासूबाई माझ्या मागं. आम्ही दोघींनी पाइपाकडं बघितलं. तो खरंच घराच्या बाजूला झुकलेला होता. नंतर सासूबाईंनी मला सांगितलं, की बांधकामाच्या वेळी गवंडी पाइप बाहेरच्या बाजूला उतरता बसवत होता, तेव्हा तात्यांनी स्वतः उभं राहून तो सरळ करायला लावला आणि दिसायला बरा दिसावा म्हणून आणखी जरासा उचलायला लावला.

तात्या उभे राहिले. "मी तीस वर्षं धरणांवर काढलीत, मनुबाई."

"धरनाची गोष्ट न्यारी हाय, सायेब. तितं पानी ठिवायचं असतंय. हितं घालवायचं हाय."

सासूबाई घाईनं आत गेल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

तात्या चिडले, पण माणूस शास्त्राचा. ते म्हणाले, पुरावा पाहिजे. मनुबाई म्हणाल्या, कपड्याला घालायची नीळ आणा. बादलीभर पाण्यात नीळ कालवायची, ते पाणी पाइपावरून हळूहळू फटीत सोडायचं, आणि आत निळं उमटतं का बघायचं. तात्यांना कल्पना आवडली. चुकीची सिद्ध करायला सोपी होती. त्यांनी साक्षीला सयाजीरावांना बोलावलं. सयाजीराव येताना शेजारच्या दोघांना घेऊन आले, कारण टाकीच्या प्रकरणापासून सगळ्या कॉलनीला आमच्या भिंतीत रस होता.

मनुबाईंनी तांब्यातांब्यानं बादली रिकामी केली. आम्ही सगळे आमच्या खोलीत, माझ्या पलंगासमोर, भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काही नाही. सासूबाईंनी चहा केला. अर्धा तास झाला. भिंत होती तशी पांढरी आणि ओली.

"बघितलंत?" तात्या म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा खरा आनंद दिसला. "याला सिद्धांत म्हणत नाहीत, बाई. याला अंदाज म्हणतात."

मनुबाई बशीतला चहा फुंकत होत्या. "दम धरा की वाईच. भित जाड हाय."

सयाजीराव घरी निघाले होते. दारात त्यांनी सहज कपाटाकडं बघितलं आणि म्हणाले, "तात्या, ते काय?"

भिंतीतल्या कपाटाच्या दाराखालून एक निळी धार जमिनीवर येत होती. पैठणीचं झाल्यापासून मी कपाट रिकामं ठेवलं होतं. पण आदल्या रात्री सासूबाईंनी तात्यांचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट त्यात ठेवला होता, सुरकुती पडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी कोरेगावला शेतकरी मेळाव्यात तात्यांचं व्याख्यान होतं. विषय, पाण्याचा अपव्यय आणि त्यावरचे उपाय.

अनीशनं कपाट उघडलं. शर्टाची पाठ आकाशी रंगाची झाली होती. आणि मग, जणू परवानगी मिळाली तशी, भिंतही पलंगामागं निळी व्हायला लागली, पेन्सिलीच्या रेघा एकेक ओलांडत.

तात्या भिंतीजवळ गेले, निळ्याला बोट लावलं, बोट नाकाजवळ नेलं.

"नीळच आहे," ते म्हणाले.

"मग काय शाई आसंल व्हय?" मनुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या कोरेगावला गेले ते त्याच शर्टावर जाड जाकीट घालून, कारण व्याख्यानाचा शर्ट तेवढा एकच. मे महिना. मेळाव्याला मंडप पत्र्याचा. लोकांनी खूप आग्रह केला तरी त्यांनी जाकीट काढलं नाही, आणि स्थानिक वार्ताहरानं 'शिस्तप्रिय वक्ते' असं लिहिलं.

इकडं मनुबाईंनी पाइप बाहेरच्या बाजूला उतरता करून घेतला. फटीतला जुना, भुसा झालेला गिलावा स्क्रू-ड्रायव्हरनं कोरून काढला. मग तीन दिवस काहीच केलं नाही. "वल्या फटीत काय भरू नये, आतलं पानी कोंडतंय," त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी डांबरात बुडवलेली सुतळी ठोकून ठोकून भरली, वरून पांढरं सिमेंट लावलं आणि स्कूटरच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून पाइपावर सरकवली. थेंब मागं आलाच तर चकतीला अडून खाली पडावा म्हणून.

दोन आठवड्यांत ओल फूटभर उतरली. तात्या रोज रेघ ओढायला यायचे ते थांबले. भिंत वाळल्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तोच वाटला.

तात्यांचा स्वभाव असा, की एकदा हरले की ते समोरच्याला सोडत नाहीत. महिन्याभरात मनुबाई आमच्या अंगणात तात्यांसमोर बसून फटींवर चर्चा करू लागल्या. तात्या कागदावर आकृत्या काढत. मनुबाई त्या उलट्या धरून बघत आणि म्हणत, "आसं न्हाई हुनार सायेब," आणि बहुतेक वेळा त्या बरोबर असत. तात्या कॉलनीत सगळ्यांना सांगू लागले, "आमच्या मनुबाई." सयाजीरावांच्या घरच्या सगळ्या नळांच्या फटी त्यांनी भरून घेतल्या. टाकीची भरपाई म्हणून.

पुढच्या वर्षी, १९९५ च्या जूनमध्ये, अप्पांचं पत्र आलं. साताऱ्याच्या आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत गळतेय. आमचं घर किल्ल्याच्या उताराला. तिकडं पाऊस घाटातून आडवा येतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पत्रे ठोकलेले असतात. अप्पांनी शेवटी लिहिलं होतं, "भूजल नसावे असा अंदाज आहे."

तात्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मनुबाई," ते म्हणाले, "साताऱ्याला जायचं."

आम्ही तिघं एसटीनं गेलो. तात्यांच्या मांडीवर आकृत्यांची वही, मनुबाईंच्या मांडीवर डांबराचा डबा. कंडक्टर त्या डब्याकडं बघून दर स्टँडला विचारायचा, "सांडत न्हाई ना?"

मनुबाईंनी भिंत बघितली आणि त्यांचे डोळेच चमकले. एवढ्या फटी त्यांनी एका जागी कधी बघितल्या नव्हत्या. पत्र्याच्या प्रत्येक खिळ्याभोवती भोक मोठं झालेलं. अंगणातला नळ पत्र्यातूनच बाहेर आलेला आणि त्याच्याभोवती मूठ जाईल एवढं भगदाड. त्यांनी एकेक खिळा काढला, त्याला वायसर घातली आणि डांबर लावून परत ठोकला. दीडशेच्या वर खिळे. मी खाली उभी राहून त्यांच्या हातातली तार रिकामी होताना बघत होते. नळाभोवती सुतळी, सिमेंट, ट्यूबची चकती. मग पत्र्यांचे जोड. आणि शेवटी, जमिनीजवळ पत्र्याची खालची कड आणि जोतं यांच्यामध्ये बोटभर फट होती, तीसुद्धा त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सिमेंटनं लिंपून टाकली.

"आता मुंगी शिरायची न्हाई," त्या म्हणाल्या.

अप्पा खूश. तात्या तर जास्तच. जेवताना त्यांनी व्याह्यांना पाण्याच्या वर्तनाबद्दल पाऊण तास सांगितलं आणि वाक्यावाक्याला 'आम्ही' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला, साताऱ्याचा, आडवा. तासाभरानं आई स्वयंपाकघरातून ओरडली. भिंतीच्या तळाशी, जिथं पूर्वी नुसती ओल असायची, तिथून आता पाणी सरळ वाहत होतं. पिठाचा डबा पाण्यात उभा होता.

"पूर्वी एवढं येत नव्हतं," अप्पा म्हणाले. मुख्याध्यापकांचा शांत आवाज, मी लहानपणापासून ओळखते. तो आरडाओरड्यापेक्षा वाईट.

मनुबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. "समदं बुजवलं की म्या," त्या हळूच म्हणाल्या. "एक बी फट सोडली न्हाई."

तात्या छत्री घेऊन बाहेर गेले. पावसात उभं राहून वळचणीकडं बघितलं, पत्र्यावर कान लावला. छत्री उलटी झाली ती तशीच टाकली. मग तशा पावसात ते खिडकीखाली येऊन ओरडले, "मनुबाई, छिन्नी आणा! छिन्नी!"

आम्ही सगळे बाहेर धावलो.

"वरून, वळचणीतून थोडं पाणी पत्र्यामागं जाणारच," तात्या ओरडून सांगत होते, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. "इतकी वर्षं ते खालच्या फटीतून निघून जात होतं. आपण दार बंद केलं. ते आत कोंडलंय. मोठ्या भिंतीला आम्ही मुद्दाम खाली भोकं ठेवतो, बाई! भिंतीला रडायला भोक लागतं!"

मनुबाईंनी एक क्षण त्यांच्याकडं बघितलं, मग चिखलात बसल्या आणि छिन्नीनं खालचं सिमेंट फोडायला सुरुवात केली. पहिला तुकडा निघाला तशी पत्र्यामागून धार सुटली. ती थेट तात्यांच्या बुटांवर आली. दुसरा तुकडा, दुसरी धार. तात्या प्रत्येक धारेला "शाब्बास!" म्हणत होते, धारेला की मनुबाईंना ते कळत नव्हतं. अप्पाही धोतर खोचून एका टोकाला हातोडी घेऊन बसले. पंधरा मिनिटांत सगळी कड मोकळी झाली. आत आईनं हाक दिली, "थांबलं!"

तिघं चिखलानं भरलेले, दम लागलेले. मनुबाई तात्यांना म्हणाल्या, "सायेब, म्याच तुमास्नी सांगितलं हुतं, पानी कोंडू नये म्हणून. न् म्याच कोंडलं."

"होतं असं," तात्या म्हणाले. "माझं तर दोन महिने चाललं होतं."

त्या दिवशी आईनं मनुबाईंची ओटी भरली. मनुबाई नको म्हणत होत्या, पीठ भिजलं म्हणून. आई म्हणाली, पीठ परत दळता येईल. दोन दिवस राहून मनुबाईंनी वळचणीखाली, वरचं पाणी पत्र्यामागं जाऊ नये म्हणून, पत्र्याच्या वरच्या कडेला पत्र्याचीच एक वाकडी पट्टी बसवली. पट्टीचा उतार किती असावा यावर तात्या आणि त्या एवढं भांडले, की अप्पा मध्ये पडले आणि त्यांनी खिशातली फूटपट्टी काढली. त्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली.

साताऱ्यात ही बातमी पसरली. त्याच महिन्यात आमच्या आळीतल्या आणखी पाच घरांची बोलावणी आली. एकटीला झेपेना, तेव्हा मनुबाईंनी कुपवाडच्या शेडमधल्या जुन्या दोघी बायकांना बरोबर घेतलं. उन्हाळ्यात साताऱ्याकडं, पावसाळा संपला की सांगलीत, असं त्यांचं ठरून गेलं. कामावरून येताना त्या तात्यांकडं थांबायच्या आणि सांगायच्या, कुठं काय बुजवलं आणि कुठं काय मुद्दाम सोडलं. तात्या वहीत आकृती काढून ठेवायचे.

मला त्या शेवटच्या भेटल्या त्या सातारा स्टँडवर, १९९९ च्या एप्रिलमध्ये. मेढ्याच्या गाडीजवळ गर्दी जमली होती. मध्ये मनुबाई, बाजूला दोघी बायका आणि बारा फुटांची ॲल्युमिनियमची शिडी. कंडक्टर म्हणत होता, शिडीचं तिकीट काढावं लागेल.

"फुल का हाफ?" मनुबाई विचारत होत्या.

"सामानाचं वेगळं असतं, मावशी."

"सामान कसं? माझ्याबरुबर कामाला जातीया ती. बसाय जागा बी मागत न्हाई. टपावर बसंल."

कंडक्टरनं कपाळाला हात लावला. मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, ओळखलं, आणि तिथूनच ओरडून विचारलं, "वयनी, भित कशी हाय?"

"कोरडी!" मी ओरडले.

"बगा," त्या कंडक्टरला म्हणाल्या, "इचारा त्यास्नी," आणि शिडी उचलून टपाकडं निघाल्या.